चाऱ्याच्या बाजरीला पिशव्या घातल्या त्याची गोष्ट

मी आयुष्यभर गवत केलं. म्हणजे जनावरांच्या चाऱ्यासाठी गवताची नवी वाणं तयार करायचं काम केलं. हे वाक्य कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत मी निदान पन्नास वेळा उच्चारलं असेल, आणि पन्नासही वेळा समोरून तेच आलं आहे. "गवताचं काय करायचं असतं हो त्यात? ते तर आपोआप उगवतं." असं म्हणणारी माणसं सकाळी दूध दहा मिनिटं उशिरा आलं की फोन करतात. म्हैस काय खाते, हा प्रश्न मात्र त्यांना जन्मात पडत नाही.

निवृत्त झाले त्याच आठवड्यात सोसायटीचे सेक्रेटरी आपटे दारात उभे. "बाई, आपण गवतातल्या तज्ज्ञ आहात असं कळलं. खालच्या लॉनला पिवळे डाग पडलेत. जरा बघता का?"

मी विचारलं, "ते लॉन कोणी खातं का?"

"नाही."

"मग मला त्यातलं काही कळत नाही."

आपटे आल्या पावली परत गेले. तेव्हापासून जिन्यात भेटले की ते फक्त मान हलवायचे. पुढे त्याच लॉनसाठी मला त्यांच्या दारात जावं लागलं, ते सांगेनच.

माझं मुख्य काम चाऱ्याच्या बाजरीवर. बाजरी हे मुळात गवतच. आपण तिचे दाणे खातो म्हणून तिला धान्य म्हणतो, एवढंच. चाऱ्यासाठी जी करतात तिला दाणा कमी चालतो. पाला भरपूर हवा, ताट रसरशीत हवं आणि एकदा कापली की पुन्हा फुटायला हवी. अशी बाजरी करायची म्हणून मी आणि आमच्या प्रक्षेत्रावरचे मजूर बबनराव, आम्ही दोघं आठ गावं हिंडलो. प्रत्येक गावातून तिथली जुनी बाजरी आणली. ती शेजारी शेजारी पेरली, वाऱ्यावर एकमेकांत फुलू दिली, चांगली झाडं ठेवली, रोगट उपटली, आणि सगळ्यांचं बी मूठमूठ घेऊन पुन्हा पेरलं. असं करता करता अकरा वर्षं गेली. जे तयार झालं त्याला कागदावर लांबलचक क्रमांक होता. आम्ही दोघं तिला आठगावी म्हणायचो.

आता आठगावी दिसायला कशी, तर ओबडधोबड. एक झाड छातीला, एक डोक्यावर. एकाचं कणीस लांब, एकाचं बुटकं, एकाला कुसं तर एकाला नाहीत. शनिवार पेठेतल्या एका बियाण्याच्या दुकानदाराला मी मोठ्या अभिमानाने तिचे फोटो दाखवले. त्याने चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाला, "बाई, हे एक वाण आहे की वरात?" एवढं बोलून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

पण म्हशींना ती वरात आवडायची. एखाद्या वर्षी पाऊस ओढला तर त्यातली निम्मी झाडं तग धरायची, रोग आला तर दुसरी निम्मी. म्हणून तर आठ गावं हिंडलो होतो.

इथे थोडं शास्त्र सांगते, कंटाळू नका. बाजरीच्या कणसात आधी स्त्रीकेसर बाहेर येतं, म्हणजे परागकण झेलणारा मादी भाग. त्याच कणसाचे स्वतःचे परागकण दोन-तीन दिवसांनी येतात. तोवर वाऱ्याने आलेल्या दुसऱ्या झाडाच्या परागकणांनी बरंचसं काम उरकलेलं असतं. निसर्गाने मुद्दाम ही सोय केली आहे, की बाई गं, तू बाहेरचा बघ. आता त्या कणसावर फुलायच्या आधी कागदी पिशवी घातली तर बाहेरचं काही येत नाही आणि ते स्वतःच्याच परागकणांवर बी धरतं. त्या बियांची पोरं बघवत नाहीत. काही कागदासारखी पांढरी उगवतात आणि आठ-दहा दिवसांत मरतात. उरलेली खुरटी, बारीक काडीची. दोष सगळ्यांतच असतात, बाजरीतही आणि माणसांतही. जोडीदार परका असला की ते झाकले जातात. घरातल्या घरात केलं की दोषाला दोष भेटतो.

पिशव्या आम्हीही वापरायचो, पण त्या वेगळ्या कामासाठी, वेगळ्या वाफ्यात, विचार करून. आठगावीवर कधी नाही. तिचं सगळं बळ उघड्यावर फुलण्यात होतं.

आणि मग आमच्याकडे गहूसाहेब आले.

त्यांचं खरं नाव लिहीत नाही. गव्हात त्यांनी मोठं काम केलेलं होतं आणि ते मला मान्य आहे. पण गव्हाचा संसार बंद दाराआडचा. त्याचं फूल उघडायच्या आतच स्वतःच्या परागाने फळतं, हजारो वर्षं असंच चाललंय आणि त्याला त्याने काही होत नाही. गव्हात शुद्ध म्हणजे उत्तम. तीस वर्षं गहू केलेल्या माणसाला आमच्या चारा विभागाचा प्रमुख करायचं हे कोणाच्या डोक्यातून निघालं, ते मला अजून कळलेलं नाही.

साहेबांनी पहिल्या दिवशी आठगावीच्या वाफ्यासमोर उभं राहून विचारलं, "हे शुद्ध आहे?"

आमच्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा शुद्ध-अशुद्ध हे शब्द त्यांनी घराबाहेर काढले होते. वडील नागपूरकडून खडकीच्या कारखान्यात आले, आम्ही पुण्यात वाढलो, आणि घरात तो शब्द मी तुपाच्या डब्याशिवाय कुठे ऐकला नाही. तो मला नोकरीत भेटला, आणि तेही बाजरीच्या संदर्भात. मी म्हटलं, "सर, हिला शुद्ध करायचं नसतं."

ते हसले. चांगले हसले. त्यांना वाटलं, मी विनोद केला.

त्या वर्षी वाण मंजूर करणारी समिती दोन हंगामांनंतर येणार असं ठरलं, आणि नेमका आमच्या शेजारचा वाफा एका विद्यार्थिनीच्या प्रयोगाला दिला गेला. तिची दाण्याची बाजरी. तिचे परागकण वाऱ्याने आमच्याकडे येणार, भेसळ होणार. दोघांत भरपूर अंतर लागतं आणि आमच्याकडे मधे फक्त एक पाट होता. मी साहेबांकडे जागा बदलून मागायला गेले.

"जागा कशाला?" साहेब म्हणाले. "गोदामात पिशव्या आहेत ना? सगळ्या कणसांना घाला. भेसळीचा प्रश्नच मिटला. शिवाय समितीला एकसारखं पीक दिसेल."

"सर, पिशव्या घातल्या तर प्रत्येक झाड स्वतःशीच फळेल. पुढची पिढी खलास होईल."

"बाई, शुद्धता म्हणजे शुद्धता. गव्हात आम्ही हेच करतो."

इथे मी काय बोलायला हवं होतं ते मला तेव्हाही माहीत होतं. सर, हा गहू नव्हे, मी हे करणार नाही, हवं तर लेखी द्या. बस, एवढंच. पण माझा गोपनीय अहवाल त्यांच्या टेबलावर होता, बढती तीन वर्षं अडकलेली होती आणि मला वाटलं, एका हंगामाने काय होतंय. मी "बरं सर" म्हणाले. सगळा दोष साहेबांवर टाकून मी ही गोष्ट अनेकदा सांगितली आहे. लोक हळहळतात. ते "बरं सर" मी त्यात सांगत नाही, म्हणून आज लिहिते आहे.

मी वाफ्यावर जाऊन बबनरावांना पिशव्यांचे गठ्ठे दिले. त्यांनी हातात घेतले, माझ्याकडे पाहिलं. "म्याडम, समद्यांना?"

"समद्यांना."

"मग त्यांची एकमेकांशी गाठ कशी पडायची?"

चौथी शिकलेला माणूस. मी डॉक्टरेट. मी म्हटलं, "साहेबांचा आदेश आहे, बबनराव." चारशेच्या वर झाडांना त्यांनी एकट्याने पिशव्या घातल्या, एकही सुटू दिलं नाही. कामात चोख होते, तेच नडलं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. चारशे झाडांचं बी घेऊन पुढच्या वर्षी उघड्यावर फुलू दिलं असतं तर गाडी बरीचशी रुळावर आली असती. पण साहेबांनी त्यातून एकसारखी दिसणारी बारा कणसं स्वतः निवडली. पुढच्या हंगामात पुन्हा पिशव्या, आणि बारातून पाच. त्याच सुमारास बियाण्याच्या खोलीची तपासणी निघाली आणि जुनं बी काढून टाकायची यादी झाली. आठगावीचे आधीचे डबे आणि आठ गावांचं मूळ बी, सगळं "कालबाह्य" या सदरात. यादीवर खाली सही माझी आहे. मी डबे उघडूनही पाहिले नाहीत. त्या दिवशी मला घरी लवकर जायचं होतं.

समिती आली तेव्हा वाफ्यात कंबरेएवढं, पिवळट, अतिशय एकसारखं गवत उभं होतं. समितीतले एक वयस्कर गृहस्थ खाली वाकले, एक काडी मोडली आणि मला हळूच म्हणाले, "बाई, हे काय झालं हो?" वाण नामंजूर झालं. साहेब महिन्याभरात बढतीवर दुसरीकडे गेले. माझीही बढती झाली, बरं का. त्याच वर्षी.

पुढे तीन वर्षं मी ते पाच कणसांचं खानदान उघड्यावर फुलवून बघितलं. थोडं सुधारलं आणि तिथेच अडकलं. अडकणारच. वारा कितीही वाहू दे, इकडून तिकडे जाणार ते चुलत-मावस भावंडांतच. प्रकल्प बंद झाला. मी निवृत्त झाले.

आता वाघोली. फार पूर्वी, आठगावी ऐन भरात असताना, वाघोलीच्या बाजूच्या तीन दूधवाल्यांना आम्ही चाचणीसाठी बी दिलं होतं. पण चाऱ्याच्या पिकाचं एक आहे, त्याचं बी कोणी धरत नाही. बी धरू दिलं की ताट वाळतं आणि म्हैस तोंड फिरवते. फुलायच्या आधीच कापायचं असतं. तिघांपैकी दोघांनी सगळं कापून खाऊ घातलं, जे बरोबरच होतं. तिसरी हौसाबाई.

हौसाबाईंना मी त्या काळी दोनदा रागावले होते. त्यांच्या तुकड्यात विजेचा खांब होता आणि त्याच्या ताणाची तिरकी तार जमिनीत रोवलेली. तारेच्या आसपास विळा नीट चालत नाही, म्हणून त्या तिथली पट्टी कापायच्याच नाहीत. ती फुलायची, दाणे गळायचे, पुढच्या पावसात आपोआप उगवायची. "हौसाबाई, हा चारा वाया चाललाय," मी म्हणायचे. त्या म्हणायच्या, "ऱ्हाऊ द्या की. माझी कंबर मोडायची का वाकून?" मी चाचणीच्या अहवालात लिहिलं होतं, शेतकरी निष्काळजी.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या पावसाळ्यात एका भाचीचं घर बघायला म्हणून वाघोलीला गेले. दहाव्या मजल्यावरच्या गॅलरीत चहा पिताना खाली बघते तर पत्र्याच्या कुंपणाला लागून एक खांब, त्याची तिरकी तार, आणि तारेभोवती गुडघ्याएवढी हिरवीगार बाजरी. एक झाड उंच, एक बुटकं. मी चहा तिथेच ठेवला आणि खाली गेले.

हौसाबाई गोठ्यासमोर बसल्या होत्या. गोठा रिकामा. त्यांनी मला लगेच ओळखलं. "गवतवाल्या बाई का? आता काय रागवायला आलाय?"

मी त्यांना सगळं सांगितलं. पिशव्या, साहेब, डबे, यादी, सही. का सांगितलं माहीत नाही. घरीही मी एवढं सांगितलेलं नव्हतं. त्या ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हशीला त्याच त्या रेड्याकडं फिरून फिरून न्हेलं तर रेडकू धड निपजतंय व्हय? आम्ही अडाणी माणसं रेडा बदलतो. तुम्ही यवढ्या शिकलेल्या."

मी तारेभोवतीच्या बाजरीकडे बोट दाखवलं.

"ही पट्टी मला बी धरेपर्यंत राहू द्याल का?" मी विचारलं.

"माझ्या हातात काय हाय? ल्योकानं जागा इकली. म्हशी गेल्या. सोमवारी जेसीबी येणार हाय."

तो दिवस शुक्रवार होता. बाजरी अजून फुटव्यावर होती, फुलायला महिना होता. मी आमच्या जुन्या कचेरीत फोन केला. माझ्या जागी आलेला अधिकारी फार नम्रपणे म्हणाला, "मॅडम, तो प्रकल्प बंद आहे, जागा देता येणार नाही. आणि या झाडांच्या शुद्धतेचा काही दाखला आहे का?" मी फोन ठेवला. शिवी तोंडात आली होती, ती गिळली.

मग बबनरावांना फोन केला. तेही निवृत्त होऊन गावी होते. शनिवारी सकाळी पहिल्या एसटीने आले, बरोबर खुरपं, कुदळ आणि खताची रिकामी पोती. दिवसभर खपून आम्ही मातीच्या गड्ड्यासकट साठ-एक झाडं काढली. हौसाबाई उभ्या राहून दाखवत होत्या, ते घ्या, ह्ये बी घ्या, त्ये बारकं कशाला टाकताय. टेम्पो भरला तेव्हा चालकाने विचारलं, "कुठं न्यायचं?" आणि तोवर मी याचा विचारच केला नव्हता.

बाजरीला आसपास दुसरी बाजरी नको. असं अंतर मिळावं म्हणून मी नोकरीभर अर्ज केले. त्या टेम्पोजवळ उभं राहून मला पहिल्यांदा सुचलं, की कर्वेनगरात बाजरी कोण पेरतंय?

आपट्यांनी दार उघडलं. मी म्हटलं, "मी तुमचं लॉन बघते. डागांसकट. पण आधी तीन महिने मला मागचा अर्धा भाग द्या."

त्यांनी टेम्पोकडे बघितलं. "काय आहे ते?"

"गवत."

"बाई, ती बाजरी आहे. मी मूळचा नगरचा आहे."

पण त्यांनी जागा दिली. कोजागिरीच्या आत मोकळी करायची, ही अट घालून आणि ती अट फलकावर खडूने लिहून. पुढचे तीन महिने माझ्या मागे काय काय लागलं, विचारू नका. कोणाला परागाची ऍलर्जी होती, कोणाला डासांची शंका. एका तरुण मुलाने "आंटी, हे ऑरगॅनिक आहे का?" विचारलं. आपटे रोज सकाळी फिरायला जाताना थांबून म्हणायचे, "एकसारखं नाही उगवलं हो." रोज. मी त्यांना एकदाही उत्तर दिलं नाही, आणि पुण्यात याला संयम म्हणतात.

साठातली पंचावन्न जगली. भाद्रपदात ती फुलली. सकाळी इमारतींच्या मधून वारा यायचा आणि परागाची पिवळी पूड या झाडावरून त्या झाडावर जाताना दिसायची. मी खुर्ची टाकून बसायचे. रडू आलं एकदा, खोटं कशाला बोलू.

दाणे भरायला लागले आणि पोपट आले. पुण्यातल्या पोपटांना इतक्या वर्षांनी घरपोच बाजरी मिळाली होती. दोन दिवसांत सात कणसं साफ. मी बबनरावांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "येतो." आले, पिशवी उघडली आणि आतून काढला तोच जुना गठ्ठा. बटर पेपरच्या पिशव्या. निवृत्त होताना त्यांनी गोदामातून मागून घेतलेल्या, कशाला ते त्यांनाच माहीत.

मी म्हटलं, "नको हो बबनराव. हे नको."

"आता घालायला हरकत न्हाई, म्याडम," ते म्हणाले. "आता समद्यांच्या गाठी पडल्यात."

आणि त्यांनी एकेका कणसाला पिशवी घातली.

कोजागिरीच्या चार दिवस आधी आम्ही कापणी केली. प्रत्येक झाडाचं बी सारखं, मूठमूठ, उंचाचंही आणि बुटक्याचंही. त्यात थोडी वाघोलीच्या आसपासची दाण्याची बाजरी मिसळलेली असणार, इतक्या वर्षांत काय काय वाऱ्यावर आलं असेल कोण जाणे. आठ गावांची आता नऊ-दहा झाली असतील. तीन ठिकाणी ठेवायला तीन डबे भरले आणि चौथी पुडी घेऊन मी वाघोलीला गेले, दाखवायला म्हणून.

हौसाबाई आता लेकाच्या फ्लॅटमध्ये राहतात, सातव्या मजल्यावर. त्यांनी पुडी उघडली, दाणे तळहातावर घेतले, फुंकर मारली. मग आत जाऊन एक स्टीलचा डबा घेऊन आल्या.

"यातलं मूठभर मला द्या."

"हौसाबाई, आता कुठे लावणार तुम्ही?"

"लावायला न्हाई," त्या म्हणाल्या. "ठिवायला. तुमचा काय भरवसा हाय."

मी दोन मुठी दिल्या.